अल्तामिराच्या दारापर्यंत

शुक्रवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा, या एका तासासाठी मी जळगावहून स्पेनला गेले. लेक माद्रिदला नोकरी करते, तिच्याकडे कधीतरी जायचंच होतं, हे खरं. पण मे महिन्याच्या सुट्टीत तिकिटं काढताना मी कॅलेंडरवर आधी शुक्रवार मोजले होते.

अश्मयुगीन चित्रांची अल्तामिराची गुहा बघायला त्या वेळी, म्हणजे २०१९ मध्ये, एकच रस्ता होता. आगाऊ बुकिंग नाही, एजंट नाही, ओळखपाळख नाही, जास्त पैसे मोजून पुढे घुसायची सोय नाही. शुक्रवारी सकाळी गुहेशेजारच्या संग्रहालयात हजर राहायचं, तीन युरोंचं साधं तिकीट काढायचं आणि वय सोळाच्या वर असेल तर एक अर्ज भरून द्यायचा. दहा चाळीसला सोडत. पाच नावं निघायची. त्या पाच जणांना पांढरे झगे, टोप्या, मास्क आणि वेगळे बूट चढवून आत न्यायचे. आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत सदतीस मिनिटं, आणि त्यातली जेमतेम आठ चित्रांच्या त्या प्रसिद्ध छताखाली. आठवड्याला एवढी पाच माणसं, बस्स.

मी शाळेत चित्रकला शिकवते, पंचवीस वर्षं होऊन गेली. कलेचा इतिहास सांगायची वेळ आली की सुरुवात त्या छतावरच्या लाल गव्यापासून होते. बायसन म्हणतात त्याला, आपल्याकडच्या गव्याचा लांबचा भाऊबंद. ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करताना तो मी पहिल्यांदा पाहिला, पोस्टाच्या तिकिटाएवढा, काळा-पांढरा. तेव्हापासून मुलांना तो फळ्यावर काढून दाखवत आले. ज्याला इतकी वर्षं फळ्यावर काढलं, त्याला एकदा तरी डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा होती.

दुसरंही एक कारण होतं. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटर. दर हिवाळ्यात शाळेची सहल तिकडे जाते आणि मुलांना लेण्यात सोडायच्या आधी मी दोन गोष्टी दरवर्षी सांगते. भिंतीला हात लावायचा नाही आणि चित्राच्या फार जवळ तोंड नेऊन बोलायचं नाही. पहिली गोष्ट मुलांना पटते. दुसरीला कोणीतरी हमखास विचारतं, "बाई, बोलल्यानं काय होतं?" मी ओलाव्याबद्दल, श्वासाबद्दल काहीबाही सांगते. पण त्या उत्तराचं वजन मला स्वतःला कळलं ते अल्तामिराच्या दाराशी.

माद्रिदहून रेल्वेनं सांतांदेर, तिथून बसनं सांतियाना देल मार. स्पेनची उत्तर किनारपट्टी पाहून मला राहून राहून कोकण आठवत होतं. उतारावर हिरवळ, दगडी गडगे, अंगावर धड पडतही नाही आणि थांबतही नाही असा पाऊस. सांतियानाला तिकडचे लोक तीन थापांचं गाव म्हणतात. 'सांता' म्हणजे पवित्र, 'याना' म्हणजे सपाट, 'मार' म्हणजे समुद्र, आणि गावात यातलं काहीच नाही. हे मला लेकीनं सांगितलं, तिला खानावळीतल्या बाईनं. रात्री आम्ही तिथेच राहिलो. मला झोप लागली नाही.

सकाळी दोन किलोमीटर चालत संग्रहालय गाठलं. साडेनऊच्या आधी पोचलो तरी दारात तीसेक माणसं होती. दहा वाजेपर्यंत दालन भरलं. मी अर्जावर नाव लिहिलं, लेकीनं तिचं लिहिलं, आणि मग वाट पाहणं एवढंच उरलं.

हातात तास होता म्हणून गुहेच्या शोधाची हकिगत सांगणाऱ्या फलकांशी उभी राहिले. ती मला माहीत होती, पण ती जिथे घडली तिथून दोनशे पावलांवर उभं राहून वाचताना वेगळीच लागली. १८६८ मध्ये मोदेस्तो कुबियास नावाचा माणूस शिकारीला गेला असताना त्याचा कुत्रा दगडांत अडकला. त्याला सोडवताना गुहेचं तोंड सापडलं. तिथले जमीनदार मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला हौशी अभ्यासक होते. पॅरिसच्या प्रदर्शनात अश्मयुगीन हत्यारं पाहून आले आणि १८७९ मध्ये या गुहेत खणू लागले. त्यांची नजर जमिनीवर, हाडं आणि दगडी पाती शोधण्यात. बरोबर आठ वर्षांची मुलगी होती, मारिया. तिला खणण्यात काय गोडी? तिनं दिवा वर धरला, छताकडे पाहिलं आणि ओरडली, "बाबा, बैल!"

पुढचं वाचताना मला दरवेळी त्रास होतो. साउतुओलांनी १८८० मध्ये छोटी पुस्तिका छापली. ही चित्रं अश्मयुगातली आहेत, असं त्यात मांडलं. माद्रिदचे प्राध्यापक विलानोवा त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पण युरोपातल्या बड्या तज्ज्ञांनी मान हलवली. चित्रं फार चांगली आहेत, रानटी माणसाला हे जमणार नाही, छताला दिव्याची काजळी कशी नाही, असे आक्षेप. साउतुओलांकडे एक मुका फ्रेंच चित्रकार राहायला होता, त्याच्याकडूनच त्यांनी हे रंगवून घेतलं असणार, इथपर्यंत मजल गेली. काजळीचं उत्तर साधं होतं: हाडांतल्या मज्जेचा दिवा फारसा धूर करत नाही. पण ऐकायला कोणी तयार नव्हतं. १८८८ मध्ये साउतुओला गेले ते कपाळावरचा खोटारडेपणाचा शिक्का घेऊनच. पुढे फ्रान्समध्ये एकामागून एक चित्रांच्या गुहा सापडल्या, तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांत आघाडीवर असलेल्या एमिल कार्ताइयाक यांनी १९०२ मध्ये आपली चूक छापून कबूल केली. ती वाचायला साउतुओला नव्हते.

"फार चांगलं आहे म्हणून तुझं नाही." हे वाक्य मी एकदा एका मुलाला ऐकवलं आहे. आठवीतला होता. त्यानं आणलेलं बैलपोळ्याचं चित्र इतकं सफाईदार होतं की मी विचारलं, "कोणाकडून काढून घेतलंस?" तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून त्यानं कोऱ्या कागदावर तीच बैलजोडी पुन्हा काढली. मी त्याची माफी मागितली, पण त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. साउतुओलांना असं समोर बसून पुन्हा काढून दाखवायचीही सोय नव्हती.

आमच्या शेजारी एक आजी उभ्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. लेकीशी बोलू लागल्या. त्यांनी लहानपणी शाळेतून येऊन ती गुहा पाहिली होती. छत बुटकं, मान दुखते, म्हणून मुलांना खाली आडवं व्हायला सांगायचे. त्या दगडावर उताण्या पडल्या होत्या आणि दिव्याच्या उजेडात गवे अंगावर आल्यासारखे वाटले होते. आता नातीला ते दाखवावं म्हणून चौथ्यांदा सोडतीला आल्या होत्या. मग त्या जे म्हणाल्या ते लेकीनं मला सावकाश सांगितलं: "आम्ही इतके जण आत गेलो म्हणून आता हिला जाता येत नाही."

हे अक्षरशः खरं आहे. एकट्या १९७३ सालात दीड लाखांहून जास्त माणसं या गुहेत येऊन गेली. एक माणूस शंभर वॉटच्या जुन्या दिव्याएवढी उष्णता बाहेर टाकतो. शिवाय श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. चुनखडीच्या बंद गुहेत शेकडो वर्षांत जेवढा बदल व्हायचा नाही तेवढा एका दुपारी होतो. वाफ थंड छतावर बसते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड मुरला की ती सौम्य आम्लासारखी चुनखडी खाते, आणि रंग त्याच चुनखडीवर आहे. त्यात भर म्हणून दिव्यांच्या उजेडावर शेवाळ धरतं, चपलांबरोबर, कपड्यांबरोबर सूक्ष्म जिवाणू आत येतात. १९७७ मध्ये गुहा बंद केली. १९८२ पासून थोड्या लोकांना सोडू लागले, मग २००२ मध्ये पुन्हा बंद. २०१४ मध्ये अभ्यास म्हणून आठवड्याला पाच माणसं सोडून पाहायचं ठरलं. त्या पाचांमागे हवेचं तापमान, ओलावा, वायू सगळं मोजलं जायचं. म्हणजे सोडतीत नाव निघालं की आपण प्रेक्षक तर होतोच, शिवाय त्या मोजणीचा भागही होतो.

फ्रान्समधली लास्को ही अशीच चित्रांची गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९६३ मध्येच बंद करावी लागली. सतरा हजार वर्षं टिकलेलं तेवीस वर्षांत धोक्यात आलं.

दहा चाळीस झाले. संग्रहालयातल्या एक बाई पुढे आल्या, सगळे गप्प झाले. पहिलं नाव एका तरुणाचं, दुसरं त्याच्याच शेजारच्या मुलीचं, ती दोघं एकदम मिठी मारून रडायलाच लागली. तिसरं एका उंच गृहस्थांचं. चौथ्या नावाच्या वेळी लेकीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पाचवं नाव त्या आजींच्या नातीचं निघालं.

आजींचं नाही, नातीचं. नात आजीकडे बघत राहिली, माझ्याऐवजी तू जा म्हणाली. पण चिठ्ठी दुसऱ्याला देता येत नव्हती. आजींनी तिचे खांदे धरून तिला पुढे ढकललं. ते पाच जण मागच्या दारानं गेले आणि दार लागलं.

मला वाईट वाटलं. उगाच मोठेपणा कशाला दाखवू? त्या दाराकडे बघताना घशात आलं होतं. इतक्या लांबून आले आहे, मुलांना शिकवते, मला आठच मिनिटं हवी आहेत, असं सगळं मनात येऊन गेलं. पण त्या दालनातल्या प्रत्येकाकडे असंच एखादं कारण असणार. अजिंठ्यातही प्रत्येक सहल आठच मिनिटांसाठी येते.

तिथून आम्ही नव्या गुहेत गेलो. २००१ पासून संग्रहालयात मूळ गुहेची हुबेहूब प्रतिकृती आहे. वर्गात मी नेहमी सांगत आले की नक्कल करू नका, समोरची वस्तू बघून काढा. त्यामुळे माझ्या मनात आधीपासून थोडी अढी होती. सुरुवातीला रुंद दार आहे आणि त्यातून भरपूर उजेड येतो. साधारण तेरा हजार वर्षांपूर्वी गुहेचं खरं तोंड दरड कोसळून बुजलं. त्याच्या आधी माणसं तिथे राहत होती, चूल पेटवत होती, तेव्हाचं रूप इथे केलं आहे. दोन वळणं घेतली आणि मान आपोआप वर गेली.

छत सपाट नाही, हे कुठल्याही छापील चित्रात कळत नाही. दगडाला फुगवटे आहेत, भाकरीला फोड यावी तसे. आणि एकेका फुगवट्यावर एकेक गवा बसवला आहे. अंग दुमडून बसलेला जो प्रसिद्ध गवा, त्याचं सगळं शरीर एका फुगवट्यात सामावलंय. पाठीची रेषा काढलेलीच नाही, तिथे दगडाची कडाच पाठ झाली आहे. एके ठिकाणी भेग होती, ती पोटाखालची रेषा झाली. आधी कोळशानं बाह्यरेषा, मग लाल माती भरलेली, मग डोळा, शिंग, खूर या जागी दगडाच्या टोकानं कोरलेलं, आणि काही ठिकाणी रंग खरवडून खालचा फिका दगड उघडा केलेला, म्हणजे तिथे उजेड पडल्यासारखा वाटतो. उठाव, छाया, टेक्स्चर हे शब्द इंटरमिजिएटच्या मुलांकडून मी घोटून घेते. ते सगळं तिथे होतं, आणि काढणारा वाकून किंवा उताणा पडून काम करत होता, कारण मूळ छत काही जागी माणसाच्या उंचीहूनही खाली आहे. आपण आज उभे राहू शकतो कारण नंतरच्या काळात जमीन खोदून खोल केली. त्याला एका नजरेत पूर्ण गवा दिसतच नसेल. सव्वादोन मीटरची हरिणी आहे तिथे. एवढी आकृती हाताच्या अंतरावरून, बिनचूक प्रमाणात!

ही प्रतिकृती पेद्रो सौरा आणि मातिल्दे मुस्किस या दोघा चित्रकार प्राध्यापकांनी केली. वर्षानुवर्षं मूळ छताचा अभ्यास करून, तेच रंग वापरून: लोहयुक्त लाल माती, कोळसा, पाणी. दुसरं काही नाही. इतकं काम केल्यावर त्यांचं मत झालं की हे मोठे रंगीत गवे बहुतेक एकाच हातचे असावेत. मला ते ऐकून आनंद झाला. पंधरा हजार वर्षांपूर्वीचा का असेना, वर्गात उठून दिसणारा एक हात असतो, हे मी जाणते.

लाल माती म्हणजे गेरू. तुळशीवृंदावनाला लावतो तो, कुंभाराच्या माठावर असतो तो. कोळसा चुलीतला. जगातल्या इतक्या जुन्या थोर चित्राचं सामान माझ्या आजीच्या पडवीत होतं.

संग्रहालयातल्या एका काचपेटीपुढे मी बराच वेळ खिळून राहिले. पक्ष्याच्या पोकळ हाडाच्या नळ्या, बोटाएवढ्या, आतून लाल रंग लागलेल्या. लेक म्हणाली, "आई, ह्या कशाच्या?" मी ओळखल्या होत्या. ए.टी.डी.ला असताना आमचे सर कोळशाचं रेखाटन झालं की स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख त्यावर फवारायचे, कोळसा उडू नये म्हणून. त्याला एक साधन असायचं, दोन बारीक नळ्या काटकोनात जोडलेल्या. एक नळी बाटलीत बुडवायची, दुसरीतून फुंकायचं. उभ्या नळीच्या तोंडावरून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, खालचा द्रव वर चढतो आणि त्याचं धुकं होऊन कागदावर बसतं. त्या हाडांच्या नळ्यांचं काम हेच. सरांचे फुगलेले गाल आणि लाखेचा तो वास, दोन्ही तिथे काचेसमोर एकदम आठवले.

लाखेवरून अजिंठाही आठवलं. १९२०च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दोन तज्ज्ञ आणले होते, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी मनापासून, जपण्यासाठीच, चित्रांवर लाखेचं रोगण लावलं. पुढे ते पिवळं पडलं, तडकलं, धूळ धरू लागलं आणि नंतरच्या लोकांची कितीतरी वर्षं ते काढण्यात गेली. जपणं म्हणजे काहीतरी करणं, असं आपल्याला वाटतं. अल्तामिरात जपणं म्हणजे दार लावून ठेवणं आहे, आणि हे फार अवघड आहे, कारण दाराबाहेर माझ्यासारखी माणसं उभी असतात.

बाहेर पडताना आजी बाकावर बसलेल्या दिसल्या, नातीची वाट पाहत. आम्हीही थांबलो. ती आली तेव्हा तिला बोलता येईना. आजींनी एकच विचारलं, लेकीनं मला सांगितलं ते: "लाल अजून लाल आहे ना?" नात हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशीचं बुकिंग लेकीनं आधीच करून ठेवलं होतं. सोडत लागली नाही तर आई रिकाम्या हातानं परत जाऊ नये म्हणून. पुएन्ते विएस्गो नावाच्या गावाबाहेर सुळक्यासारखा चुनखडीचा डोंगर आहे, मोंते कास्तियो. त्याच्या पोटात गुहा आहेत. त्यातली एल कास्तियो १९०३ मध्ये एर्मिलियो अल्काल्दे देल रिओ या शिक्षकानं शोधली. शिक्षक होता हे वाचून मला बरं वाटलं. ही गुहा खरी आहे, आणि ठरावीक माणसांच्या गटाला वाटाड्याबरोबर आत सोडतात.

फोटो काढायचे नाहीत, भिंतीला टेकायचं नाही, बोलायचं ते हळू. वाटाड्या तरुण मुलगा होता. त्यानं लोखंडी दार उघडलं आणि आतली हवा चेहऱ्यावर आली. नव्या गुहेत जी गोष्ट नव्हती ती हीच. थंड, ओली, मातीचा वास असलेली हवा, माठाच्या तोंडाशी नाक नेल्यावर येतो तसा वास. वरून थेंब टपकत होते. पायाखालची वाट ओली. मी श्वास जरा धरूनच चालत होते. एका माणसाच्या श्वास धरण्यानं काय होणार, पण आदल्या दिवशीचं सगळं डोक्यात होतं.

आत एका दगडी खांबाशी वाटाड्या थांबला. बॅटरीचा झोत समोरून टाकला तेव्हा नुसता खांब दिसला. मग त्यानं बॅटरी बाजूला नेली, झोत दगडावरून घासून जाईल अशी धरली, आणि खांबाच्या खाचाखळग्यांतून एक गवा उभाच्या उभा बाहेर आला. मागच्या पायांवर उभा राहिल्यासारखा. पाठ, शेपूट, मागची मांडी हे बरंचसं दगडानंच दिलेलं, माणसानं थोड्या काळ्या रेषा तेवढ्या घातल्या. उजेड हलला की तो हलत होता. वाटाड्यानं झोत काढला आणि पुन्हा नुसता खांब उरला. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं, जरा मोठ्यानंच.

मग हातांची भिंत आली. तिच्यावर हाताचे ठसे आहेत, पण आपल्या हळदीकुंकवाच्या पंज्यांसारखे नाहीत. आपल्याकडे हात रंगात बुडवून भिंतीवर उमटवतात. इथे हात भिंतीवर ठेवून भोवती लाल रंग फवारला आहे. हात काढला की जिथे हात होता तिथे रंग नाही, भोवती लाल धुकं. म्हणजे दिसते ती हाताची जागा. त्याच भिंतीवर लाल गोल ठिपकेही आहेत. त्यातल्या एका ठिपक्याचं वय २०१२ मध्ये जाहीर झालं: कमीत कमी ४०,८०० वर्षं. एका हाताचं वय कमीत कमी ३७,३०० वर्षं. ते मोजायची रीत मला फार आवडली. रंगाला हात लावत नाहीत. रंगावर पाण्यानं चुन्याचा पातळ पापुद्रा जमलेला असतो, त्यातला कणभर घेतात. पाण्याबरोबर युरेनियम येतं, थोरियम येत नाही. पुढे युरेनियमचं हळूहळू थोरियम होत जातं. किती झालं ते मोजलं की पापुद्र्याचं वय कळतं, आणि रंग पापुद्र्याच्या खाली आहे म्हणजे तो त्याहून जुना. म्हणून 'कमीत कमी'.

एक हात बरोबर माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होता. लहानसा. करंगळी थोडी बाहेर वळलेली. डीन स्नो या अमेरिकी संशोधकांनी २०१३ मध्ये फ्रान्स-स्पेनमधल्या गुहांतले असे बत्तीस हात बोटांच्या लांबीवरून तपासले आणि त्यातले चोवीस बायकांचे असावेत, असा निष्कर्ष काढला. सगळ्यांना तो मान्य नाही. मी मात्र कठड्याच्या अलीकडे, हवेतच, माझा डावा पंजा उघडून त्या हातासमोर धरला. मधे दीड-दोन हाताचं अंतर होतं. वाटाड्यानं पाहिलं आणि काही न बोलता बॅटरी क्षणभर तिथेच ठेवली. लेकीनंही शेजारी तिचा हात धरला. मग झोत पुढे गेला.

बाहेर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. वाटाड्यानं दार ओढून घेतलं, कुलूप लावलं आणि आपल्याला हातगाडी ढकलताना लागतो तसा खांद्यानं जोर देऊन ते नीट लागलंय का पाहिलं.

जूनमध्ये शाळा उघडली. आठवीच्या वर्गावर मी किराणा दुकानातून गेरू आणला, वस्त्रगाळ केला, पाण्यात कालवला. मुलं टूथब्रश आणि कंगव्यानं शिंतोडे उडवून पानांची चित्रं करतात, ती पद्धत त्यांना येते. मी म्हटलं, ब्रश नाही, फुंकायचं. प्रत्येकाला स्ट्रॉचे दोन तुकडे दिले. पहिल्या तासाला काहीच जमलं नाही. गेरू दाट असला की वर चढत नव्हता, पातळ असला की ओघळ येत होते. दोन नळ्यांमधला कोन जरा हलला की धुकं बंद आणि बुडबुडे सुरू. फुंकून फुंकून दोन मुलांना गरगरलं, त्यांना बसवून पाणी दिलं. एका हातापुरता रंग फवारायला दहा-बारा मिनिटं लागत होती.

दुसऱ्या तासाला पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं तोंडातल्या नळ्या काढल्या आणि म्हणाली, "बाई, हे जमत नाहीये. एक हात भिंतीवर ठेवला तर वाटी कोण धरणार? आणि नळ्या कोण धरणार?"

मी तिला सगळं सोडून पुन्हा करून बघायला सांगितलं. डावा पंजा कागदावर. उजव्या हातात नळ्या. वाटी मांडीवर ठेवली तर नळी कागदापर्यंत पोचेना, बाकावर ठेवली तर वाकता येईना. तिनं शेजारणीला हाक मारली. शेजारीण वाटी घेऊन उभी राहिली, तरी कोन सुटत होता. शेवटी शेजारणीनंच नळ्या तोंडात धरल्या आणि वाटी स्वतःच्या हातात घेतली. पहिलीनं फक्त हात ठेवला, डोळे मिटून घेतले. लाल धुकं बोटांच्या मधोमध, नखांवर, मनगटावर बसत गेलं.

"हलू नकोस गं," फुंकणारी मधेच थांबून म्हणाली, आणि परत गाल फुगवले.